एका रेणूचं चुंबक, आणि त्यावर डोकं खाजवणारी मंडळी

चुंबक म्हटलं की लोखंडच डोळ्यासमोर येतं, पण एकटा रेणूसुद्धा चुंबकासारखा वागू शकतो आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही बरं का, १९९३ मध्ये रोबर्टा सेसोली, दांते गातेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं. त्यांच्या रेणूत मँगनीजचे १२ अणू होते, ८ जणांचं चुंबकत्व एका दिशेला आणि ४ जणांचं उलट, प्रत्येकी २ चे ८ म्हणजे १६, त्यातून प्रत्येकी दीडचे ४ म्हणजे ६ वजा, असा स्पिन, म्हणजे चुंबकत्वाचं माप, उरतो १०. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढून घेतलं तरी २ केल्विनला हा रेणू आपली दिशा महिनोन्‌महिने विसरत नाही!

अडचण त्या २ केल्विनचीच आहे, म्हणजे उणे २७१ अंश, त्यासाठी महागडं द्रवरूप हेलियम लागतं. मग २००३ मध्ये जपानच्या इशिकावांनी चुंबक व्हायला रेणूत टर्बियम या धातूचा एकच अणू पुरतो हे दाखवलं आणि सगळे तिकडे वळले. २०१८ मध्ये डिस्प्रोसियम या धातूच्या एका रेणूने ८० केल्विनपर्यंत दिशा लक्षात ठेवली, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ च्या वर, आणि हे पुष्कळच स्वस्त पडतं. त्यातली युक्ती सुंदर आहे: डिस्प्रोसियमचा इलेक्ट्रॉन ढग चपटा असतो, म्हणून रेणूतले बाकीच्या अणूंचे गट त्याच्या वर आणि खाली बसवायचे, मधे कंबरेला शक्यतो काही नाही, मग त्याला आडवं व्हायला फार ऊर्जा लागते.

पण रेणू सतत थरथरत असतो आणि ती थरथरच त्याला दिशा विसरायला लावते. इथे एकट्याचं काम नाही. रेणू बनवतो केमिस्ट, मोजतो फिजिक्सवाला, थरथरीचा हिशोब कॉम्प्युटरवाला करतो, म्हणून या विषयाच्या वर्कशॉपमध्ये पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांपासून मुरलेल्या प्रोफेसरांपर्यंत सगळे एकत्र बसले तरच मजा येते. माझ्या मते लेक्चरपेक्षा भिंतीवर लावलेल्या संशोधनाच्या पोस्टरपाशी जास्त शिकायला मिळतं. उदाहरणार्थ, सॅम्पल हवा लागली की खराब होतं म्हणून आर्गॉनमध्ये ट्यूब सील करायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण पावडरचे बारीक स्फटिक क्षेत्रात स्वतःच वळतात आणि रीडिंग चुकतं, म्हणून त्यांना आयकोसेन नावाच्या मेणात घट्ट बसवायचं, हे पेपरमध्ये कुठेतरी शेवटच्या फाईलमध्ये एका ओळीत असतं, ज्याने रात्री जागून मोजलंय तोच ते नीट समजावून सांगतो.

आणि २०२५ मध्ये १०० केल्विनपर्यंत हिस्टेरिसिस (क्षेत्र बदललं तरी रेणूने आधीची दिशा धरून राहणं, आलेखात ते उघड्या लूपसारखं दिसतं) दिसल्याचं छापून आलं तेव्हा पहिला प्रश्न हाच यायला हवा की क्षेत्र किती वेगाने बदललं? कारण वेग वाढवला की लूप जास्त तापमानापर्यंत उघडा दिसतो, त्यामुळे नुसत्या केल्विनच्या आकड्यावर दोन रेणूंची तुलना करता येत नाही, आणि हा प्रश्न विचारायला प्रोफेसर असावं लागत नाही.