गरवणे : कोकण-गोव्याच्या खाड्यांतील वैशाखी मासेमारी

गरी म्हणजे मासा अडकवायचा गळ, आणि गरी टाकून मासे धरणे म्हणजे गरवणे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोवा या पट्ट्यात हे क्रियापद आजही रोजच्या बोलण्यात आहे. जाळे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) किंवा ट्रॉलर यांच्या मासेमारीशी त्याची गल्लत करू नये, कारण गरवणारा एका वेळी एकच मासा धरतो आणि बहुधा विक्रीपेक्षा घरच्या कालवणासाठी किंवा निव्वळ आवडीपोटी धरतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यातील ही हौशी मासेमारी वर्षभर चालत असली, तरी तिचा खरा भर वसंताच्या उत्तरार्धात, म्हणजे वैशाखापासून ज्येष्ठाच्या पहिल्या दिवसांपर्यंत असतो. प्रस्तुत नोंदीत याच दिवसांचा विचार केला आहे.

वैशाखात खाडी बदलते ती खारेपणामुळे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारे गोडे पाणी खाडीचे तोंड जवळजवळ समुद्रापर्यंत गोडे करते, हिवाळ्यात ते ओसरते आणि एप्रिल-मे महिन्यांत नद्यांची धार इतकी क्षीण होते की भरतीचे खारे पाणी आत दूरवर पोहोचते. वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, कर्ली, तेरेखोल, मांडवी, झुआरी या साऱ्या खाड्यांत हेच घडते. खाऱ्या पाण्याबरोबर किनाऱ्यालगतचे मासेही आत शिरतात. गढूळपणा कमी झालेला असतो, कांदळवनाच्या मुळांशी कोळंबी आणि बोयट या लहान माशांची पिल्ले भरपूर असतात, आणि त्यांच्या मागावर मोठे मासे येतात. गरवणाऱ्याला हा हंगाम लाभतो तो या खाद्याच्या ओघामुळे.

त्याखालोखाल महत्त्व भरती-ओहोटीचे आहे, आणि माझ्या मते गरवण्याचे अर्धे शहाणपण तिथीत आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी मोठ्या फरकाने चढते-उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक अगदी कमी होतो, तो भांग. मुंबईकडे मोठ्या उधाणात हा फरक पाच मीटरच्या घरात जातो, तर दक्षिणेला गोव्याकडे तो त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हा हिशेब ढोबळ आहे, शिवाय खाडीत जितके आत जावे तितका भरतीला उशीर होतो. म्हणून प्रत्येक गावाची स्वतःची दुरुस्ती असते आणि ती गावातल्या वयस्कर माणसांना तोंडपाठ असते. मासा गरीला लागतो तो बहुतेक वेळा वाहत्या पाण्यात. भरतीचा पहिला जोर आणि सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, पहिला तास हे दोन काळ सर्वांत चांगले मानले जातात. पाणी उभे राहिले की मासाही थंडावतो. भर उधाणात मात्र ओढ इतकी वाढते की दोरीला बांधलेले शिशाचे वजन तळाला टिकत नाही, त्यामुळे उधाण आणि भांग यांच्या मधले दिवस अनेकांना पसंत असतात.

सुकतीच्या वेळी बांधांच्या तोंडाशी उभे राहण्याची रीत जुनी आहे. गोव्यातील खाजण, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या, जमिनींच्या बांधांत पाणी आत-बाहेर सोडण्यासाठी लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात, तर रायगडच्या खारभूमीत अशा दाराला उघाडी म्हणतात. दार उघडल्यावर पाण्याबरोबर कोळंबी बाहेर येते आणि दाराच्या पुढच्या डोहात मोठा मासा तिची वाट पाहत असतो.

या मोसमातील सर्वांत मानाचा मासा म्हणजे शास्त्रीय नावाने लेटिस कॅल्कॅरिफर. रायगड-ठाण्याकडे त्याला जिताडा म्हणतात, सिंधुदुर्ग व गोव्यात चोणक. पेण-अलिबागच्या खारभूमीतील तळ्यांत खाडीतली पिल्ले सोडून जिताडा वाढवण्याची प्रथा आहे, त्यामुळे तिकडे तो पाहुणचाराचा मासा समजला जातो. हा मासा जन्मतः नर असतो आणि पुरेसा मोठा झाल्यावर मादी होतो. साहजिकच मोठे चोणक बहुधा माद्या असतात. पावसाच्या तोंडावर ते खाडीमुखाशी अंडी घालण्यासाठी उतरतात, आणि पिल्ले पावसाळी पाण्याबरोबर वर, खाजणांत आणि शेतांच्या चरांत चढतात. तिन्हीसांजेला चोणक पृष्ठभागाजवळ शिकार करतो तेव्हा तोंड एकदम उघडून पाण्यासकट कोळंबी आत ओढतो. त्याचा ‘चट्’ असा आवाज शांत पाण्यावर दुसऱ्या काठापर्यंत ऐकू येतो. विजेरीच्या झोतात त्याचे डोळे लाल चमकतात. त्याचे दात टोचत नाहीत, पण गालांवरच्या कडा सुरीसारख्या असतात, आणि नवख्या माणसाची दोरी किंवा बोट त्यावर कापले जाते.

तांबोशी या तांबूस माशाची गोष्ट वेगळी आहे. लहान-मध्यम तांबोशी कांदळाच्या कमानदार मुळांखाली, जेटीच्या खांबांत किंवा खडपांच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या, कपारीत राहते आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खोल खडकांकडे निघून जाते. ती आमिष घेते आणि त्याच क्षणी आपल्या कपारीकडे वळते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला थोपवले नाही तर दोरी मुळांवरच्या कालवांच्या शिंपल्यांना घासून तुटते. तांबोशी गरवण्यात ताकद लागते ती एवढीच, बाकी सारे सावधपण आहे. पालू हा मासा उलट स्वभावाचा. तो आमिष चोखंदळपणे टोचत राहतो आणि दोरी तर्जनीवर ठेवून बसलेल्या माणसाला ती टोचणी नाडीसारखी जाणवते. याशिवाय गोबरा, मुडदुशी, टोळ हे मासे लागतात. शिंगटीही लागते, आणि तिच्या पाठीच्या व बाजूच्या काट्यांत विष असल्याने गरी सोडवताना जपावे लागते. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, तरी डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच असते.

साधने साधी असतात. बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेले तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला शिसे आणि गरी, एवढ्यावर अनेक पिढ्यांनी गरवले आहे. अलीकडे रॉड, रीळ आणि मासळीच्या आकाराचे लुअर, म्हणजे नकली आमिष, सर्रास दिसतात, आणि मुंबई, पुणे, गोव्याकडचे हौशी लोक त्यांवरच भर देतात. तरीही खाडीत जिवंत कोळंबीला तोड नाही. तिच्या कवचातून डोक्यात एक काळा ठिपका दिसतो, तो मर्मस्थान. त्याला न दुखवता डोक्यावरच्या करवती शिंगाच्या बुडाशी गरी अलगद ओवली तर कोळंबी पुष्कळ वेळ पोहत राहते, आणि ठिपक्याला धक्का लागला तर ती तिथेच मरते. हे काम ओल्या हातांनी आणि न घाई करता करायचे असते. गाबीत, खारवी, कोळी घरांतली मुले ते पाहून पाहूनच शिकतात.

कायद्याच्या बाजूने पाहता, पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना समुद्रातील मासेमारी बंद असते. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे. मात्र किमान आकाराचा नियम लहान माशाला वाचवतो, आणि चोणकाच्या बाबतीत वैशाखात खरी जपणूक मोठ्या मादीची व्हायला हवी. पोटात गाभोळी (अंड्यांची पिशवी) असलेली मादी अंडी घालण्याच्या उंबरठ्यावर असते. अशी मादी पाण्यातच गरी काढून, डोके प्रवाहाकडे धरून, ती स्वतःच्या बळाने शेपूट हलवेपर्यंत आधार देऊन सोडण्याची पद्धत काही गरवणारे पाळतात, आणि ती सर्वांनी उचलावी अशी आहे.

मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येचा वारा वाढतो, फुगलेल्या लाटा खडपांवर चढू लागतात आणि बाहेरच्या खडकांवरून गरवणे धोक्याचे होते. तेव्हा लोक खाडीत आत सरकतात. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे गोव्यात 5 जूनला आणि मुंबईत 11 जूनला पोहोचतो. पहिल्या मोठ्या सरींनंतर डोंगराची तांबडी माती उतरून पाणी गढूळ होते, वरचा थर गोडा होतो, आणि तंगूस धुऊन, सावलीत वाळवून पुढच्या मोसमासाठी गुंडाळून ठेवले जाते.