बुरा धरलेली पेंड आणि सकाळचं दूध

मागच्या पावसाळ्यात मोहोळजवळ मामाच्या गावाला गेलो होतो, गोठ्याचा पत्रा गळून शेंगदाणा पेंडीचं एक पोतं खालून भिजलेलं, हिरवट पिवळा बुरा आणि कुबट वास. मी म्हटलं मामा हे टाकून द्या. मामा म्हणाले, "काय होत नाय रे, जनावर हाय ते, वरचा बुरा झटकून घालतो."

झटकून बुरशी जाते हो, तिनं सोडलेलं विष जात नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस म्हणून एक बुरशी आहे, शेंगा, मका, सरकी यांची लई आवड तिला, ओल आणि उकाडा मिळाला की ती दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. नावातला अ अ‍ॅस्परजिलसचा, फ्ला फ्लेव्हसचा. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, कारण कुणालाच कळेना, शेवटी खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला आणि तिथून हे विष सापडलं. म्हंजे सगळी सुरुवातच पेंडीपासून.

आता मामाच्या गाईचं बघा. पेंडीतलं बी1 जातीचं अफ्लाटॉक्सिन तिच्या लिव्हरमध्ये गेलं की त्यातल्या थोड्याचं एम1 हे दुसरं रूप होतं आणि ते दुधात उतरतं, खाल्लेल्याच्या साधारण 1 ते 2 टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत 6 टक्क्यांपर्यंत पण जातं. आज खाल्लं की उद्याच्या धारेत हजर. आपण म्हणतो दूध उकळून पितो की, पण हे विष मोडायला 200 डिग्रीच्या वर तापमान लागतं आणि दूध तर 100 च्या आसपासच उतू जातं. भारतात दुधात एम1 ची मर्यादा किलोमागं अर्धा मायक्रोग्रॅम आहे, मायक्रोग्रॅम म्हंजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून काय ते समजा. त्यात दूध सगळ्यात जास्त पितात लहान पोरं.

हे विष लिव्हरवर बसतं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर, आणि ज्याला आधीच हिपॅटायटिस बी आहे त्याचा धोका कित्येक पट वाढतो. एकदम जास्त गेलं तर कावीळ, पोटात पाणी. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला मका खाऊन 397 जण आजारी पडले, 106 गेले. त्याच घरांतलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीपण मेली.

ज्वारीचं काय, असं सोलापूरकर विचारणारच. आपली मालदांडी रब्बीची, दाणा भरून पक्का होतो तेव्हा फेब्रुवारीचं कोरडं ऊन असतं म्हणून ती पांढरीशुभ्र राहते. खरिपाची हायब्रीड कापणीच्या टायमाला पावसात सापडते आणि काळी पडते, त्यात फ्युझॅरियमसारख्या वेगळ्या बुरशा असतात. 1995 ला दख्खनच्या पठारावर अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन 27 गावांत लोकांना पोटदुखी, गुडगुड, जुलाब झाले, त्या धान्यात फ्युमोनिसिन, म्हंजे फ्युझॅरियमचं विष, सापडलं. आणि अशी काळी ज्वारी आपण कुठं पाठवतो? कोंबड्यांच्या खाद्यात नायतर गोठ्यात.

एक गोष्ट मात्र आज्जीला आपल्या आधी कळली होती. विष पोत्यात सगळीकडं सारखं नसतं, थोड्याच दाण्यांत दाबून भरलेलं असतं, त्यामुळं शेंगा फोडताना सुरकुतलेले, काळपट, किडलेले दाणे वेचून काढले की बराचसा धोका कमी होतो. आज्जी चटणीला दाणे निवडायची तेव्हा असला एक दाणा दिसला की उचलून लांब फेकायची, आम्हाला वाटायचं उगंच. बाकी शेंगा नीट वाळवायच्या, दाण्यातली ओल 7-8 टक्क्यांवर नको, पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवायची, भिंतीला टेकवायची नाहीत.

मामाला एवढं सगळं सांगितल्यावर ते गप बसले. मग म्हणाले, "गाईला आधी घातलीय त्याचं?" चांगली पेंड सुरू केली की तीन-चार दिवसांत दूध बऱ्यापैकी साफ होतं, ते सांगितलं. मामी आतून ओरडली, "तेवढी पेंड कुत्र्याला तरी टाका की ओ, वाया कशाला." शेवटी मी आणि मामानं बांधाच्या पलीकडं खड्डा काढून पोतं पुरलं.