काट्याचं वजन कॉम्प्युटरवर येत नाही? केबल बदलण्याआधी हे करून पाहा

मागच्या पावसाळ्यात वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काट्याचं वजन बिलिंगच्या कॉम्प्युटरवर येईना. तीन दिवसांत दोन केबली बदलून झाल्या, सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून झालं. आम्ही जाऊन पिकोकॉम नावाचा प्रोग्रॅम उघडला, तर स्क्रीनवर नुसती चिन्हांची खिचडी. माहिती वाचायचा वेग (बॉड रेट) उतरवत २४०० वर आलो आणि ओळ स्वच्छ दिसली : 'एसटी, जीएस, १२.४५० केजी'. एसटी म्हणजे वजन स्थिर, जीएस म्हणजे ग्रॉस, भांड्यासकट एकूण वजन. पुसापुशीत काट्याची सेटिंग बदलली गेली होती, एवढंच.

पिकोकॉम हा लिनक्सवरचा छोटा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम. सीरियल पोर्टवर, म्हणजे काट्याची केबल जिथे जोडतो तिथे, जे येतं ते जसंच्या तसं टर्मिनलवर दाखवतो आणि तुम्ही टाइप कराल ते काट्याकडे पाठवतो. त्यामुळे दोष काट्याकडचा की बिलिंगकडचा, हे तिथल्या तिथे कळतं.

आधी बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर आलेली अक्षरं दोघांत वाटली जातात. मग टर्मिनलवर पिकोकॉम सुरू करायची कमांड द्या; आमच्या केबलच्या खोक्यावर ती छापलेली आहे. 'परवानगी नाही' असं आलं तर उबुंटूवर तुमचा युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये घालावा लागतो. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं, हे बहुतेक जण विसरतात.

खिचडी दिसली तर केबलला दोष देऊ नका. ९६०० वेगाला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. काटा एका वेगाने बोलतो आणि कॉम्प्युटर दुसऱ्याच वेगाने मोजतो, म्हणून अक्षरं बिघडतात. कंट्रोल-ए, मग कंट्रोल-डी दाबलं की वेग एक पायरी उतरतो. कंट्रोल-ए, कंट्रोल-यू ने चढतो. बाहेर पडायला कंट्रोल-ए, कंट्रोल-एक्स.

काहीच दिसत नसेल तर काट्यावरचं प्रिंटचं बटण दाबा. काही काटे मागितल्याशिवाय वजन पाठवत नाहीत. तरीही कोरं राहिलं, तर केबलच्या प्लगमधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट झाल्यात का ते बघा.

एक कळकळीची विनंती. काट्याची आरएस-२३२ (सीरियल) वायर आर्डुइनोसारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला थेट जोडू नका. त्या वायरवर उणे आणि अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. बोर्ड ५ किंवा ३.३ व्होल्टचा, तो जळतो. मधे दाब उतरवणारं कन्व्हर्टर लावाच : ५ व्होल्टच्या बोर्डाला मॅक्स-२३२ चिपचं, ३.३ व्होल्टच्या बोर्डाला मॅक्स-३२३२ चिपचं.

एवढं करूनही अडलं, तर स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवा आणि फोन करा. मराठीत बोला, गुजरातीत बोला. काटा उचलून दांडिया बाजारात आमच्याकडे आणायची घाई मात्र करू नका.