ग्रेट्झ्कीचं कार्ड: ओ-पी-ची की टॉप्स?

आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीचं 1979-80 च्या हंगामातलं रुकी कार्ड (म्हणजे खेळाडूचं पहिलंवहिलं, फोटो छापलेलं संग्रहाचं कार्ड) कुणी विकायला काढलं, तर किंमत विचारण्याआधी ते उलटून बघा. कारण अशी कार्डं दोन आहेत. फोटो तोच, निळी चौकट तीच, क्रमांकही दोन्हींवर 18. मागे इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच मजकूर असेल तर ते कॅनडाचं ओ-पी-ची, नुसतं इंग्रजी असेल तर अमेरिकेचं टॉप्स.

खरं म्हणजे या दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक नव्हत्याच. ओन्टारिओतल्या लंडन शहरातली ओ-पी-ची ही ब्रुकलिनच्या टॉप्ससारखीच च्युइंग गमवाली. टॉप्सशी करार करून ती तेच डिझाइन कॅनडात छापायची. हॉकीचं वेड तिकडे जास्त, म्हणून तिचा संच 396 कार्डांचा आणि टॉप्सचा 264 चा.

फरक पडतो तो कापणीत. ओ-पी-चीच्या कारखान्यात छापलेले ताव तारेने कापत. त्यामुळे कार्डाच्या कडा खरबरीत, कुठे कुठे पुठ्ठ्याचे तंतू बाहेर आलेले. त्यात चौकट गडद निळी, म्हणजे कोपरा जरासा घासला तरी आतला पांढरा पुठ्ठा लगेच डोळ्यांत भरतो. टॉप्सच्या कडा बऱ्याच साफ. तरीही संग्राहक जीव टाकतात ते ओ-पी-चीवर. एक तर ते हॉकीच्या माहेरचं कार्ड, आणि दुसरं म्हणजे निर्दोष अवस्थेत ते जवळजवळ मिळतच नाही. कार्डांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या पीएसए या कंपनीने 10 पैकी 10 दिलेलं एक ओ-पी-ची 2021 मध्ये 37.5 लाख डॉलरला विकलं गेलं. त्या वेळी अशी दोनच होती. थोडी खरबरीत कड दिसली तर मला उलट हायसं वाटतं. अगदी गुळगुळीत कड असेल तर कुणी नंतर छाटली की काय, ही शंका आधी घ्यावी. या कार्डाच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत.

खरी चुरस पेटली 1990-91 मध्ये. अपर डेक, स्कोअर, प्रो सेट हे नवे कार्डवाले एकदम हॉकीच्या मैदानात उतरले. अपर डेकने पांढराशुभ्र, चकचकीत कागद आणला, मागे होलोग्राम लावला. कारागिरी पाहिली तर ती कार्डं जुन्या ओ-पी-चीपेक्षा कितीतरी सरस, हे मी ठामपणे म्हणेन. पण सगळ्यांनीच इतकी बेसुमार छपाई केली, की त्यातल्या बहुतेक कार्डांना आज कुणी विचारत नाही.

आणखी एक घोळ होतो. ओ-पी-ची हे नाव आता अपर डेककडे आहे. 2006-07 पासून त्या नावाने नवी कार्डं निघतात, काही तर मुद्दाम जुन्या धाटणीची. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका; मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली कॉपीराइटची ओळ आणि साल वाचा, मगच भावाचं बोला.