मोठा ब्रेक नेमकं काय वाढवतो?

छोट्या स्पोर्ट्स कारच्या स्पोकमधून दिसणारी मोठी डिस्क आणि तिच्यावर बसलेला भलाथोरला कॅलिपर, म्हणजे पिस्टनच्या जोराने पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, पाहिला, की ही गाडी जागच्या जागी उभी राहील असं वाटतं. पण ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. मूळचा ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, किंवा एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होऊन पेडल पायाखाली थरथरत असेल, तर टायरची सगळी पकड तिथेच वापरून झालेली असते. त्यानंतर कितीही मोठी डिस्क लावा, त्या एका थांबण्याचं अंतर काही कमी होत नाही.

मोठा ब्रेक लावायचा तो उष्णतेसाठी. १००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी १६० ला ती ९८८ किलोज्यूलवर जाते. ब्रेक दाबला की काही सेकंदांत या ऊर्जेची उष्णता होते आणि तिचा मोठा भाग डिस्कच्या बिडात शिरतो. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला आली आणि त्या दोन्ही मिळून १० किलोच्या असल्या, तर १६० वरून एकदा थांबताना त्या जवळपास १४० अंशांनी तापतात. त्याच १४ किलोच्या असत्या तर १०० अंशांनी तापल्या असत्या. रोजच्या रस्त्यावर या फरकाला फारसा अर्थ नाही. रेस ट्रॅकवर मात्र दर वळणाआधी ब्रेक दाबावा लागतो, मधल्या वेळात डिस्क पुरती निवत नाही आणि तापमान फेरीगणिक चढत जातं.

मग आधी पॅड, म्हणजे डिस्कवर घासणारे घर्षणाचे तुकडे, दगा देतात. ठरावीक तापमानापुढे त्यांचं घर्षण घसरतं. पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. याहून धोकादायक प्रकार पेडलचा दाब कॅलिपरपर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलचा. पॅड आणि पिस्टनमधून उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचते. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं. पण हे ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, की पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल थेट तळाला जातं.

कारखान्यांनाही हे गणित चुकलेलं नाही. १९८९ मध्ये आलेल्या माझ्दा एमएक्स-५ च्या १.६ लिटर इंजिनाच्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरच्या डिस्क होत्या. १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा त्या २५५ मिलिमीटरच्या झाल्या आणि दुसऱ्या पिढीतल्या स्पोर्ट आवृत्तीला २७० मिलिमीटरच्या मिळाल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की पुढच्या डिस्कबरोबर मागच्याही वाढत गेल्या.

हौशी मंडळींची गाडी नेमकी इथेच अडते. दोन आसांमधलं अंतर २२५ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असलेली एक गाडी घेऊ. उभी असताना तिचं वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं आहे. गुरुत्वीय त्वरणाच्या ०.९ पट जोराने ती थांबत असेल, तर वजन पुढे झुकून पुढच्या चाकांवर ६८ टक्के आणि मागच्यांवर ३२ टक्के भार येतो. ब्रेकची ताकदही त्याच प्रमाणात वाटलेली असेल तर चारही टायर आपापली पूर्ण पकड वापरतात, आणि ताशी १०० वरून गाडी साधारण ४४ मीटरमध्ये थांबते.

आता फक्त पुढे मोठा संच बसवला. डिस्कची परिणामकारक त्रिज्या १५ टक्क्यांनी आणि पिस्टनचं क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी वाढलं. या दोन वाढींचा गुणाकार होतो, म्हणून तेवढ्याच दाबाला पुढचा ब्रेक जवळपास ४४ टक्के जास्त जोर लावतो आणि वाटणी ७५-२५ वर जाते. पुढची चाकं लवकर लॉकच्या उंबरठ्यावर येतात, तेव्हा मागच्या टायरांची एक तृतीयांशाहून जास्त पकड न वापरताच राहिलेली असते. गाडी ०.७९ पटीच्या वर जोर धरू शकत नाही आणि थांबायला सुमारे ५० मीटर घेते. खर्च करून, मेहनत घेऊन थांबण्याचं अंतर सहा मीटरने वाढलं! आणि पायाला वाटतं काय, तर ब्रेक किती छान चावतोय, कारण थोड्याशा दाबाला गाडी झटकन नाक खाली घालते.

म्हणून कॅलिपर निवडताना पिस्टनच्या संख्येपेक्षा क्षेत्रफळ पाहावं. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या फिक्स्ड कॅलिपरमध्ये एकाच बाजूच्या पिस्टनांचं क्षेत्रफळ मोजायचं असतं. ५१ मिलिमीटरचा एकच पिस्टन असलेला साधा सरकता कॅलिपर आणि प्रत्येकी ३६ मिलिमीटरचे चार पिस्टन असलेला रुबाबदार फिक्स्ड कॅलिपर, दोघांचा हिशोब २०४० चौरस मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे जोर तेवढाच. फिक्स्डमध्ये पॅडवरचा दाब जास्त समान पसरतो आणि कॅलिपर कमी वाकतो, हा त्याचा खरा फायदा. मला विचाराल तर मोठ्या डिस्कबरोबर किंचित लहान पिस्टनचा कॅलिपर ही सर्वात शहाणी जोडी आहे. त्रिज्येने वाढलेला जोर पिस्टन कमी करतात, वाटणी जागेवर राहते आणि उष्णता सामावणारं वजन मात्र वाढतं.

पिस्टन मोठेच घेतले तर त्यांना ढकलायला जास्त ऑइल लागतं आणि पेडल खोल जातं. त्यावर उपाय म्हणून पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर २२.२ ऐवजी २३.८ मिलिमीटरचा बसवतात. त्याचं क्षेत्रफळ १५ टक्के जास्त असल्याने पेडलची हालचाल कमी होते, पण तेवढ्याच दाबासाठी पायाने १५ टक्के जास्त जोर लावावा लागतो. पुढची-मागची वाटणी याने अजिबात बदलत नाही, कारण दाब दोन्हीकडे सारखाच जातो.

बसवतानाची अडचण बहुधा रिमच्या व्यासात नसते, स्पोकच्या आतल्या बाजूला असते. कॅलिपरची जाडी बाहेर येते आणि स्पोकला घासते. कार्डबोर्डचा साचा कापून तो आधी चाकात फिरवून पाहावा, आणि रिमला आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं विसरू नयेत. शिवाय जड डिस्क स्प्रिंगच्या खालचं वजन वाढवते, आणि हलक्या गाडीला ते लगेच जाणवतं: खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहायला जास्त झगडतं.

त्यामुळे आधी जास्त तापमान झेपणारे पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि डिस्कच्या मध्यभागी हवा नेणारा डक्ट एवढं करून पाहावं. डिस्कच्या कडेला तापमानानुसार बदलणारे रंग लावून ट्रॅकवर काही फेऱ्या माराव्यात. रंग पॅडच्या मर्यादेच्या आतलं तापमान दाखवत असतील, तर त्या गाडीला मूळची डिस्कच पुरेशी आहे.