शंभराचे आठशे पंचाहत्तर

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला चढवला. धान्य लुटलं गेलं, काही घरं पेटली. पण जमावाला खरे हवे होते ते कागद. वह्या आणि कर्जखतं हाती लागली की तिथल्या तिथे त्यांची होळी व्हायची. जिथे सावकाराने मुकाट्याने खतं काढून दिली, तिथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

शाळेच्या पुस्तकात या दख्खनच्या दंग्यांची बोळवण बहुधा 'सावकारी पिळवणुकीविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव' एवढ्या एका ओळीत होते. ओळ खोटी नाही, पण तिच्याने काहीच उलगडत नाही. सावकार पेशवाईतही होते, आणि लोभ काही इंग्रजांनी बोटीतून आणला नव्हता. मग 1875 सालीच का? आणि माणसं सोडून कागदांवर राग का?

अमेरिकेत 1949 पासून काम करणाऱ्या 'कौन्सिल फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन' या संस्थेने इतिहासाच्या तासासाठी अर्थशास्त्रीय विचाराची जी पद्धत रुजवली, तिची सुरुवात अशाच कोड्यांपासून होते. वाईट कोण होतं, हे आधी विचारायचंच नाही. त्या माणसापुढे पर्याय कोणते होते, प्रत्येकाची किंमत काय होती आणि नियम बदलल्यावर त्याचं गणित कसं बदललं, हे विचारायचं. आपल्याकडेही हा विचार परका नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हेच बजावलं होतं की अर्थशास्त्राचे सिद्धांत देशाच्या इतिहासापासून तोडून लावता येत नाहीत.

सुप्याचं कोडं सोडवायला आधी अमेरिकेतच जावं लागतं. 1861 पूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कच्चा कापूस तिकडून येई. यादवी युद्ध पेटलं आणि 1861 मध्ये वीस लाखांवर असलेली गाठींची आवक 1862 मध्ये 55 हजारांवर आली. गिरण्यांनी मोर्चा हिंदुस्थानकडे वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे भरावाच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. तोच पैसा दलाल आणि सावकारांमार्फत खेड्यापर्यंत पोचला. कपाशीखालच्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळू लागली.

इथे चाणाक्ष विद्यार्थी हरकत घेईल, आणि त्याने ती घ्यावीच. कापूस मुख्यतः खानदेश-वऱ्हाडचा. सुप्याचा मुलूख ज्वारी-बाजरीचा, पावसाच्या भरवशावरचा. मग तिथे तेजी कुठून आली? ती आली धान्याच्या चढ्या भावांतून, गाडीभाड्यातून आणि रेल्वेच्या मजुरीतून. बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली पुरा झाला, आणि पुणे-सोलापूर मार्ग तर तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातून, म्हणजे सुप्याच्या तालुक्यातूनच गेला. हाती चार पैसे खेळत असताना कर्ज देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही धोका कमी वाटतो.

1865 मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईतले शेअर कोसळले. सावकारांनी नवी उचल आखडती घेतली आणि जुनी येणी मागायला सुरुवात केली. नेमकी त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदी, म्हणजे शेतसाऱ्याची ठरलेली आकारणी, संपून फेरपाहणी झाली; शेतसारा कुठे दीडपट, कुठे दुप्पट झाला. सारा रोखीत, ठरल्या हप्त्याला भरायचा. पाऊस न पडो, भाव न मिळो, हप्ता चुकवायचा नाही. म्हणजे कर्जाची गरज वाढली तेव्हाच कर्जाची वाट बंद झाली.

आता कागदांकडे येऊ, कारण वर्गात खडू हातात घ्यावा तो इथेच. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं ग्राह्य धरायचं ठरवलं. व्याज साचू नये, हा हेतू चांगला होता. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं आणि मुद्दल अधिक थकलेलं व्याज हेच नवं मुद्दल धरलं. हिशोबापुरता दर शेकडा दरमहा दोन रुपये धरा. शंभर रुपयांचे तीन वर्षांनी 172 होतात. त्यावर पुन्हा तीन वर्षं: 296. मग 509. बारा वर्षांनी 875. खत न बदलता सरळ व्याज लावलं असतं तर बारा वर्षांनी देणं 388 झालं असतं. आणि जुन्या दामदुपटीच्या रिवाजाने, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही या नियमाने, ते दोनशेवर थांबलं असतं. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाला तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण सापडलं. ही चार ओळींची आकडेमोड पिळवणूक या शब्दावरच्या पानभर निबंधापेक्षा जास्त शिकवते, असं माझं मत आहे.

अंगठा उठवणाऱ्याला खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. दिवाणी कोर्टात मात्र तेच खत पुरावा होतं. कोर्टाच्या लेखी कर्ज म्हणजे तो कागद. कागद गेला की दावा गेला. मग जमावाने कागदच का जाळले, हे वेगळं सांगायला नको.

याहून खोल एक पेच आहे. जुन्या काळी गावात एखाददुसराच सावकार असे. दुष्काळात तो कुळाला सांभाळून घेई, ते दयेपोटी असो वा नसो. पुढच्या चांगल्या वर्षी वसूल करायची त्याला खात्री असे, कारण कुळाला दुसरं दार नव्हतं. कोर्टं आली, जमीन तारण ठेवता येऊ लागली, तसे बाहेरचे सावकारही निर्धास्तपणे कर्ज देऊ लागले. रेचेल क्रँटन आणि आनंद स्वामी या अर्थशास्त्रज्ञांनी 1999 साली मांडलं की या स्पर्धेमुळेच वाईट वर्षातलं सांभाळून घेणं सावकाराला परवडेनासं झालं. आज सवलत द्यावी तर उद्या कूळ दुसऱ्याकडे जाणार. स्पर्धा ऋणकोच्या भल्याची असते असं पाठ केलेल्या मुलांनी यावर जरूर डोकं खाजवावं.

सगळंच मात्र हिशोबात बसत नाही. सुप्याच्या आधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने एका सावकारावर बहिष्कार घातला होता. त्यात पैशाइतकाच मानापमानाचा भाग होता. शिवाय दंगे प्रत्यक्षात मर्यादित होते, त्यांचा गवगवाच जास्त झाला, असं नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने लिहिलं आहे. आणि साधनांनाही स्वतःचे हितसंबंध असतात. सरकारने नेमलेल्या आयोगाला वाढीव शेतसारा हे दंग्याचं कारण होतं का, हेही तपासायचं होतं. नाही, दोष सावकारांचा, असा निष्कर्ष त्याने दिला. निष्कर्ष कोणाच्या सोयीचा होता, हे मुलं आपण होऊन विचारतात, फक्त आयोग कोणी नेमला ते फळ्यावर लिहावं लागतं.

1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कोर्टाला आता खतामागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती, हे तपासता येऊ लागलं. त्यावर अनेक सावकारांनी कर्जखत करणंच सोडलं. ते जमिनीचं खरेदीखत करून घेत. पैसे फिटले की जमीन परत, हे फक्त तोंडी.