कर्ज जपानचं, फाईल इथली: परदेशी निधीच्या प्रकल्पाची माहिती कशी मागवायची

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे आकडे आता बहुतेकांना पाठ झालेत. 508 किलोमीटर, 1 लाख 8 हजार कोटींचा मूळ अंदाज, त्यातलं 81 टक्के जायका या जपानच्या सरकारी कर्जपुरवठा संस्थेचं कर्ज, 0.1 टक्के व्याज, 50 वर्षांची मुदत. वाद पेटतो तो याच्या पुढच्या गोष्टींवर. येनचा भाव वाढला तर बोजा कोणावर? जपानी कंपन्यांकडूनच खरेदी करायची अट कुठवर? पुनर्वसन आराखड्यात आपल्या गावाबद्दल काय लिहिलंय? ही उत्तरं कागदावर असतात, आणि त्यातले बरेच कागद भारतातल्याच सरकारी कार्यालयात असतात. ते मागायला जपानला पत्र लिहावं लागत नाही; माहिती अधिकार अधिनियम, 2005 पुरतो.

अर्ज कोण करू शकतं

भारताचा कोणताही नागरिक. जमीन प्रकल्पात जायलाच हवी असं नाही, आणि माहिती कशाला हवी हेही सांगायचं नसतं. कलम 6(2) तसं स्पष्ट म्हणतं. परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले लोक अर्ज करू शकतात, ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) मात्र नाही. संस्था, मंडळ किंवा सोसायटीच्या नावाने अर्ज टाकू नका. एका माणसाच्या नावाने टाका, उगाच खुसपट काढायला जागा राहत नाही.

अर्ज कुठे, फी किती

पहिली चूक इथेच होते. बुलेट ट्रेन बांधणारं महामंडळ आणि परदेशी कर्जाचे करार हाताळणारा अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग हे केंद्राकडे. अटल सेतू बांधणारं एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) महाराष्ट्र राज्याकडे. केंद्राचा अर्ज केंद्राच्या आरटीआय (माहिती अधिकार) पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. टपालाने पाठवायचा तर 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कोर्ट फी स्टॅम्प राज्याच्या अर्जाला चालतो, केंद्राच्या नियमांत तो नाही. राज्याचा अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून, एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत. केंद्राकडे मर्यादा 500 शब्दांची. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. बाकी कागदपत्रांचं ओझं नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेलाच तर 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण त्यात दिवस जातात.

काय लिहायचं

माझ्या पहिल्या अर्जात मी विचारलं होतं, ‘प्रकल्पाचा खर्च का वाढला?’ उत्तर एका ओळीचं आलं: ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ राग आला, पण शिकलो. ‘का’ विचारायचं नाही, कागदाचं नाव घ्यायचं. उदाहरणार्थ: ‘सदर प्रकल्पाच्या कर्ज कराराची, त्याच्या सर्व परिशिष्टांसह, प्रत मिळावी. सुधारित खर्चाच्या मंजुरीची टिप्पणी व आदेश यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ फाईल जाडजूड असेल तर प्रत्यक्ष पाहणी मागा. पहिला तास मोफत असतो. टिप्पणीची पानं, म्हणजे फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे, बघायला विसरू नका. खरी भांडणं समासात लिहिलेली असतात.

नकार आला तर

30 दिवसांत उत्तर यायला हवं. परदेशी पैशाच्या प्रकल्पात तीन नकार ठरलेले: कलम 8(1)(क) (परराष्ट्र संबंध), 8(1)(घ) (व्यापारी गुपित) आणि 8(1)(च) (परकीय सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती). नुसतं कलम लिहून भागत नाही, ते का लागू होतं याची कारणं द्यावी लागतात. कंत्राटदार ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणून हरकत घेऊ शकतो. मग मुदत 40 दिवसांची होते, पण त्याच्या हरकतीने माहिती आपोआप अडत नाही. काही मजकूर गोपनीय असेल तर तो झाकून उरलेला द्या, असं कलम 10 सांगतं. अपिलात हे आणि 8(2)मधलं व्यापक जनहित, दोन्ही मांडा.

पहिलं अपील 30 दिवसांत (राज्यात 20 रुपयांचा स्टॅम्प, केंद्रात फी नाही), दुसरं माहिती आयोगाकडे 90 दिवसांत. आयोगात तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्याच अपिलात मुद्दे पक्के करा.

दुसरं दार: कर्ज देणारा

हे फारसं कोणी वापरत नाही. जागतिक बँकेचं माहिती धोरण 2010पासून लागू आहे. ऑनलाइन मागणी करता येते, साधारण 20 कामकाजी दिवसांत उत्तराची अपेक्षा असते, आणि इथे नागरिकत्वाची अटही नाही. आशियाई विकास बँकेचंही असं धोरण आहे. जायका स्वतःचे पर्यावरण आणि सामाजिक निकष पाळत नसेल, तर प्रकल्प असलेल्या देशातले दोन किंवा अधिक रहिवासी तिच्याकडे लेखी हरकत नोंदवू शकतात.

या दाराचा उपयोग मुंबईने पाहिलाय. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रस्त्यांसाठी दुकानं आणि घरं जाणाऱ्यांनी 2004मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे (बँकेच्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी तपासणारी तिची स्वतंत्र समिती) तक्रारी नेल्या. पॅनेलने चौकशी केली, आणि मार्च 2006मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखून धरले.

तक्रारीसोबत आधीच्या पत्रव्यवहाराचे पुरावे लागतात. म्हणून आरटीआयची पोच, नकाराचं पत्र आणि अपिलाचा निकाल एकाच फाईलला, तारखेच्या क्रमाने लावून ठेवा.